वाटून घेतलेलं औषध

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टर कानिशायने दिलेल्या तक्त्यात रोजच्या दुखण्यासाठी एकच चौकोन आहे, नखाएवढा. शून्य ते दहामधला आकडा त्यात लिहायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं. कोणाच्या कल्पनेतलं ते मात्र लिहिलेलं नाही. एकवीस वर्षं गणित शिकवतेय मी. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असं अर्धवट उदाहरण मांडलं असतं तर त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. आज सात लिहिलं. बाकीचं त्या चौकोनात मावत नाही, म्हणून ही वेगळी वही. ही मी कोणाला दाखवणार नाही.

तर झालं असं. सहा वर्षं मला नीट बसता येत नाही. ओटीपोटाच्या तळाशी कोणीतरी मूठ आवळून धरली आहे आणि सोडायला तयार नाही. वर्गात मी उभ्यानेच शिकवते. पोरं मागे मला ‘खांब’ म्हणतात, माझ्या कानावर आलंय. इतकी वर्षं जो तो एकच सांगत आला की थंड दगडावर बसली असशील, गारठा शिरलाय. आमच्या या डोंगरातल्या नारिन गावात दात दुखला तरी गारठाच शिरलेला असतो. मग लोकरीचा पट्टा, गरम मिठाची पिशवी, मेंढीच्या शेपटीची चरबी, सगळं झालं. कशाचं काय!

कानिशाय राजधानीहून, बिश्केकहून आलेली, एकतीस वर्षांची पोर. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला ‘एजे’ म्हणते. तिने पहिल्यांदा तपासून सांगितलं, "एजे, गारठा बिरठा काही नाही. तळाचे स्नायू आखडलेत तुमचे. याला नाव आहे, आणि तुम्ही एकट्या नाही." ‘एकट्या नाही’ म्हणाली तेव्हा मला रडू आलं. शाळेतली बाई असून रडते याची लाज वाटली, म्हणून नाक शिंकरल्यासारखं केलं.

आता तिच्याकडे औषधांची तुलना चालू आहे, पाच गावांत मिळून. एक औषध स्नायू सैल करतं, दुसरं नसा शांत करतं, आणि तिसऱ्या बाटलीत औषधच नाही, नुसती पिठी. कॅप्सूल बाहेरून सगळ्या सारख्या, पांढऱ्या. कोणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही ठाऊक नाही, यादी बिश्केकमध्ये बंद आहे. मी सही केली. मार्चमध्ये नवरूझला, नव्या वर्षाच्या सणाला, माझा नवरा तोलोगोन येणार म्हणतो. चार महिने आहेत. एका पांघरुणात झोपून ओठ चावावे लागू नयेत, एवढंच मला हवं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

तोलोगोनचा फोन. चार वर्षं झाली त्याला रशियात जाऊन, गोदामात काम करतो, आणि फोन दर रविवारी अकराला, शाळेच्या घंटेसारखा. आम्ही एका वर्गातले, पहिलीपासूनचे. लग्नाआधी याचं तोंड बंद होत नसे.

"काय म्हातारे, कशी आहेस?"

"अल्लाची कृपा, छान."

"खरंच छान?"

"छान म्हटलं ना. कोळसा आला, पण निम्मी भुकटीच आहे."

मग त्याचा नुसता श्वास ऐकू येतो. मध्येच म्हणतो, "माझी उशी अजून तिथंच आहे का गं?" हा काय प्रश्न झाला? उशी कुठे जाणार आहे! मी म्हटलं, उगीच पैसे जातायत, ठेव आता. फोनवर बोलायला याच्याकडे काही उरलं नाही, हे मला कळतं. कर्तव्य म्हणून करतो बिचारा.

गेला तो पैशासाठी, असं सगळ्यांना सांगितलंय. मला माहीत आहे का गेला. रात्री त्याने हात लावला की मी भिंतीकडे सरकायचे. कोणता पुरुष सहन करेल? सांगावं तर जीभ उचलत नव्हती. अशा जागेचं दुखणं बाईने नवऱ्याला काय शब्दांत सांगायचं? मला तर आईनेही असे शब्द कधी शिकवले नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार

दर मंगळवारी दवाखान्यात जायचं, तक्ता दाखवायचा, आठवड्याच्या चौदा कॅप्सूल घ्यायच्या. आम्ही पाच जणी. कानिशाय एकेकीला आत घेते आणि बाकीच्या बाहेरच्या खोलीत. खोलीत शेगडी आहे, चहाच्या पाण्याचा समोवार आहे. पहिल्या मंगळवारी आम्ही चौघी भिंतीकडे बघत बसलो होतो, म्हणजे त्या बसल्या, मी उभी. मग बुरमाकान आपाने टोपलीतून बोरसोक काढले, कणकेचे तळलेले तुकडे. बासष्ट वर्षांची, नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे गालिचे शिवते, आवाज असा की मेंढ्या वळाव्यात.

"खा गं. दुखणं खालच्या बाजूला आहे, तोंडाला काय झालंय?"

तेव्हापासून मंगळवार म्हणजे चहा. सगळ्यात धाकटी जिपार, सव्वीसची, तंदूरवर नान लावते. ती येताना गरम नान आणते. शेजारच्या अत-बाशी गावाहून येणाऱ्या दोघी जावा सायीचं भांडं आणतात. मी साखर. आणि काय काय बोलतो आम्ही! जिपार म्हणाली, "लग्नाच्या पहिल्या रात्री मला वाटलं, सगळ्यांनाच असं होतं आणि सगळ्या जणी मिळून आपल्यापासून लपवतात." आम्ही एवढ्या हसलो की नर्सने डोकावून पाहिलं. हसताना दुखत होतं, तरी हसलो.

घरी आले, दिवा लावला. भांडी सकाळची तशीच. मंगळवार संपला की पुढचा मंगळवार सात दिवस लांब असतो.

१० डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

अत-बाशीची थोरली म्हणाली की तिला औषधाने गाढ झोप लागते, तोंडाला कोरड पडते. जिपार म्हणाली, "मला काहीच होत नाही. दुखणं तसंच, तोंड तसंच." मी बोलून गेले, "तुझ्या बाटलीत पिठी असेल."

बुरमाकान आपाने कप खाली ठेवला. "म्हणजे आपल्यातल्या एखादीला हे लोक पीठ चारतायत?"

"चारतायत. आपण सही केलीय त्यावर."

"सही मी वाचून करते होय! एका ताटाला पाच जणी बसल्या, चौघींना मांस आणि एकीला नुसतं हाड, तेही झाकून? माझ्या घरात असं वाढलं असतं तर सासूने मला ताटासकट बाहेर काढलं असतं."

"आपा, तुलना अशीच करतात."

"तुलना करणारे करोत. आपल्यात उंबऱ्याशी आलेल्यालाही भाकरीचा तुकडा दिल्याशिवाय पाठवत नाहीत, आणि ही पोर आपल्यात बसून उपाशी राहणार?" असं म्हणून तिने बोरसोकांचं ताट रिकामं केलं, डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसलं आणि आपली बाटली त्यात उपडी केली. "टाका गं सगळ्या."

टाकल्या. मी सुद्धा. मी बोलायला हवं होतं. शिकलीसवरलेली मी एकटीच होते. बोलले असते तर त्या क्षणापासून मी त्यांच्यातली बाई राहिले नसते, पुन्हा मास्तरीण झाले असते. उलट भागाकार मीच केला. सत्तर भागिले पाच, चौदा. आपाने ताटात हात फिरवून सगळ्या मिसळल्या आणि मेजवानीत मांसाचे वाटे करतात तसे वयाप्रमाणे वाटे केले, आधी स्वतःचा, मग माझा, सगळ्यात शेवटी जिपारचा. जिपारने दोन्ही हात पुढे करून घेतले.

सरासरीच्या नियमाने सगळ्यांना थोडं थोडं मिळेल. यात तसं वाईट काय आहे?

१२ जानेवारी, रविवार

पाच लिहिलं आज. परवा चार होतं! काल शिक्षकांच्या खोलीत मी पूर्ण तास खुर्चीवर बसले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तोलोगोनचा फोन. म्हणाला, "नवरूझच्या रजेचं अजून नक्की नाही." मी म्हटलं, "नाही जमलं तर नको येऊस, मी काय वाट बघत बसले नाहीये." का म्हणाले असं? तो मग म्हणाला, "नाही, ते माहितीये मला." फोन ठेवल्यावर मी त्याचं पांघरूण उन्हात टाकलं, बाहेर उणे अठरा असताना. ते फळीसारखं कडक झालं.

२१ जानेवारी, मंगळवार

कानिशाय खूश आहे. आत बोलावून मला आलेख दाखवला. "एजे, तुम्ही गणितवाल्या, तुम्हाला कळेल. बाकी चार गावांत आकडे वेगवेगळे जातायत, कोणाचे उतरतात, कोणाचे नाहीत. तुमच्या पाचही जणींचे उतरतायत! काय करता काय तुम्ही?"

"चहा पितो," मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, यावरून ठरेल कुठलं औषध आधी द्यायचं. तिच्या कपाळावर एक बट येते ती ती फुंकर मारून उडवते. मला तिच्याकडे बघवलं नाही. पाच रेषा खाली येत होत्या आणि त्यातल्या एकीचाही अर्थ लागणार नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

बाहेर येऊन मी वाटा घेतला.

३१ जानेवारी, शुक्रवार

जिपार भाजली. काल पहाटे तंदूरमध्ये वाकून नान लावताना तिला भोवळ आली आणि ती पुढे गेली. शेजारी तंदूरची मालकीण होती, तिने कंबरेला धरून ओढली. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. तोंड वाचलं.

मी भेटायला गेले. हाताला पांढरी पट्टी गुंडाळलेली. म्हणते, "एजे, आठवडाभर डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, आता कुठे मला खरं औषध मिळतंय, बोलले तर काढून घेतील."

वर मला सांगते, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

४ फेब्रुवारी, मंगळवार

चार जणी आणि एक रिकामी जागा. आपा म्हणाली, "पोरगी पहाटे उपाशीपोटी कामाला जाते, भोवळ येणारच."

मी म्हटलं, "आपा, डॉक्टरला सांगायला हवं. कोणाच्या पोटात किती काय गेलं, कोणालाच माहीत नाही. ती उद्या पुन्हा पडेल."

"सांगितलं की पाचही जणींचं औषध बंद. मग?" आपाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "झुरा, अकरा वर्षांनी मी सलग सहा तास झोपतेय. नातवाला मांडीवर घेतेय. ते तू काढून घेणार?"

अत-बाशीच्या दोघी चहाकडे बघत राहिल्या. धाकटी म्हणाली, "मंगळवार पण बंद होईल."

तेच तर. मलाही तेच वाटत होतं. आठवड्यातले सहा दिवस मी भिंतींशी बोलते. या खोलीत मला कोणी ‘खांब’ म्हणत नाही, कोणी ‘मुलं नाहीत का?’ विचारत नाही. या बायका नसल्या तर मला कोणी नाही, हे लिहायला हात थांबतो, पण खरं आहे.

ताट पुसलं गेलं. मी माझी बाटली पिशवीतून काढलीच नाही. त्यांना कळलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ताट, सत्तर, पाच, चौदा.

कानिशाय ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेन खाली ठेवलं. "आठ आठवडे?"

"आठ."

"एजे, तुम्ही गणित शिकवता ना हो?"

मी मान खाली घातली. मग तिने बिश्केकला फोन लावला, जिपारच्या जिवाला धोका म्हणून आमची पाच नावं उघडा म्हणाली. उत्तर यायला तासभर लागला.

जिपारच्या बाटलीत पिठीच होती. आमच्या वाट्यांतून तिच्या पोटात दोन्ही औषधं गेली, कधी जास्त कधी कमी, एकाच दिवशी दोन्ही, आणि सवय नसलेलं शरीर ते. माझ्या बाटलीत स्नायू सैल करणारं होतं.

"मग मला बरं वाटलं ते त्याने?" मी विचारलं.

"काय माहीत! तुम्ही तुमच्या बाटलीतलं कितीसं खाल्लंत? कदाचित आपाचं खाल्लं असेल, कदाचित पिठीच खाल्ली असेल. तुम्हाला कशाने बरं वाटलं हे आता तुम्हालाही कधी कळणार नाही आणि मलाही नाही." बट तिने हाताने मागे सारली. "पाच जणी तुलनेतून गेल्या माझ्या. पण सांगायला आलात. मी उद्याच जिपारकडे जाते."

११ फेब्रुवारी, मंगळवार

कानिशायने आज पाचही जणींना बोलावलं होतं. औषध हळूहळू कमी करायचं कसं ते समजावलं. पुढे प्रत्येकीवर वेगवेगळे उपचार करणार आहे, तुलनेबाहेर. बाटलीवर नाव लिहिलेलं औषध, आणि बिश्केकहून महिन्यातून एकदा व्यायाम शिकवणारी बाई येईल. जिचा तिचा वेगळा दिवस. माझा गुरुवार.

"नवरूझपर्यंत बरी होईन का मी?" असं मी विचारलं. लाज सोडली आता.

"नाही, एजे. थोडं बरं वाटेल, पुन्हा दुखेल, पुन्हा थोडं बरं वाटेल. वर्ष लागेल. काहीजणींना जास्त."

बाहेर आले तर आपा टोपली उचलून निघाली होती. टोपलीतलं कापड सुद्धा उघडलं नव्हतं तिने. मला म्हणाली, "भरल्या ताटात थुंकलीस तू, मास्तरीणबाई." जिपार दारात होती. तिने डावा हात माझ्या बाहीला लावला, पण आपा बघत होती म्हणून लगेच काढला. समोवार कोणी पेटवला नव्हता.

घरी आठ लिहिलं. मग आठवलं की आता तक्ता कोणी मागणार नाही. तरी लिहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

अकराला फोन.

"काय म्हातारे, कशी आहेस?"

‘अल्लाची कृपा’ जिभेवर आलं होतं. पण या महिन्यात मी एकदा खरं बोलून सगळं घालवून बसले होते, आता घालवायला काय उरलं होतं?

"छान नाहीये," म्हटलं. "सहा वर्षं नाहीये."

आणि सांगितलं. शब्द नव्हतेच, तर जसे येतील तसे सांगितले. तळाचे स्नायू. बसता येत नाही. तू हात लावलास की मी भिंतीकडे सरकायचे ते का. ओठ का चावायचे. गोळ्या, ताट, जिपारचा हात. नवरूझपर्यंत बरी होणार नाही हे पण. बोलताना मी स्वयंपाकघरात उभी होते आणि टेबलाची कड धरली होती.

मला वाटलं लाईन गेली.

"तोलोगोन?"

"आहे." मग म्हणाला, "मला वाटलं, माझ्या अंगाला वास येतो."

"काय?"

"मेंढ्यांचा. मी तेव्हा बाजारात मेंढ्यांचंच करायचो ना. मला वाटलं, तुला शिसारी येते माझी. बोलत नाहीस म्हणजे चांगुलपणाने बोलत नाहीस. म्हणून मी..." वाक्य तिथंच सोडून तो म्हणाला, "रजेचं खोटं होतं, झुरा. रजा कधीच मिळाली होती. पुन्हा त्या पांघरुणाच्या कडेला पडून राहायची भीती वाटत होती."

सहा वर्षं! दोन शहाणी माणसं, एका वर्गातली! मला त्याला फटकारावंसं वाटलं, आणि स्वतःला आधी. काहीच जमलं नाही, नुसतं हुंदक्यासारखं काहीतरी बाहेर पडलं.

"रडू नकोस. ऐक. मला या दुखण्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "तू सांग. खांद्यावर हात ठेवला तर दुखतं का?"

"नाही."

"पाठीवर?"

"नाही."

"केसांवर?"

"नाही रे."

"तळपायाला? तुझे पाय गार असतात, मी मांडीत धरले तर?"

तो एकेक जागा विचारत गेला, मान, कोपर, कपाळ, आणि मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. रडत होते म्हणून माझं ‘नाही’ त्याला नीट ऐकू जात नव्हतं, आणि तो तीच जागा पुन्हा विचारायचा.